आईच्या हिशेबाच्या वहीत ते आधीच दिसत होतं

आईच्या मेंदूतली गाठ काढली त्याला आता वर्ष उलटून गेलं. मधल्या काळात ओळखीतल्या तीन-चार घरांतून फोन आले. कुणाचे वडील अचानक गप्प झालेत, कुणाची सासू विचित्र बोलायला लागली आहे, "तुम्ही सुरुवात कुठून केली?" दर वेळी तुटक-तुटक सांगण्यापेक्षा एकदा सलग लिहून काढते. मी डॉक्टर नाही. जे घडलं ते ज्या क्रमाने घडलं तसं सांगते, तारखा माझ्या फाइलीतून घेतल्या आहेत.

आई सांगलीला दादा-वहिनीकडे असते, मी पुण्यात. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. १९८४ पासून रोज रात्री जेवणं आटोपली की ती हिशेबाची वही घेऊन बसायची. दूध, भाजी, रिक्षा, देवळातली दक्षिणा, सगळं तारखेसह. बाबा गेले त्या दिवशीही तिने रात्री वही उघडली होती.

२०२२ ची दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी तिने लोणी कढवायला ठेवलं. आईला तूप कढलेलं बघावं लागायचं नाही. तडतड थांबते आणि वास फिरतो, असं ती म्हणायची, आणि पुढच्या खोलीतून ओरडायची, "गॅस बंद करा गं." त्या दिवशी वहिनी गच्चीवरून धावत खाली आली तेव्हा स्वयंपाकघरात धूर कोंडला होता, बेरी कोळशासारखी काळी झाली होती आणि आई हातात पळी घेऊन शेगडीपाशीच उभी होती. "झालंच की आता," एवढंच म्हणाली.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत तिला कोरोना झाला होता. त्यामुळे वास येत नाही याचं कारण सगळ्यांना आयतंच मिळालं. मलाही.

पुढच्या वर्षभरात जे झालं ते आता एका ओळीत मांडता येतं, तेव्हा मात्र प्रत्येक गोष्ट सुटी वाटत होती. २०२३ च्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने शेजारच्या बाईंना, ज्यांना मूल नाही, सगळ्यांसमोर त्यावरून बोलून दाखवलं. त्या बाई वाण हातात घेऊन तशाच उठल्या. ज्या आईने आम्हाला लहानपणी कुणाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवू नये म्हणून शिकवलं, ती हे बोलली आणि नंतर चहा मागितला. मग ती टीव्हीसमोर बसायला लागली. टीव्ही बंद असला तरी बसायची. आंघोळीला चल म्हटलं की जायची, कुणी म्हटलं नाही तर दुपारपर्यंत तशीच. फोनवर मी विचारलं तर उत्तर यायचं, मात्र स्वतःहून "तू जेवलीस का" हे विचारणं थांबलं. नातेवाइकांनी वहिनीकडे बोट दाखवलं. घरात लक्ष देत नाहीत, म्हातारीला एकटं पाडलं, असं. वहिनीने ते सगळं गिळलं आणि आईला आंघोळी घालत राहिली.

२०२३ च्या गणपतीत आरतीला घर भरलं होतं. आई खुर्चीत बसली होती, साडी ओली झाली होती, फरशीवर ओघळ आला होता, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. लाज नाही, घाबरणं नाही. त्या रात्री मी तिला रागाने म्हणाले, "आई, निदान लाज तरी वाटू दे." ती माझ्याकडे बघून हसली. हे वाक्य मी आजही परत घेऊ शकलेले नाही, म्हणून इथे लिहिते आहे. तुमच्या घरात असं काही होत असेल तर हे वाक्य तोंडातून निघण्याआधी पुढचं वाचा.

ऑक्टोबरमध्ये कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात दुर्बीण घालून पाहिलं. नाक स्वच्छ होतं, "कोविडनंतर राहतं असं काहींना," म्हणाले. नोव्हेंबरमध्ये एका मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या. दोन महिने घेतल्या, फरक शून्य. याच सुमारास सकाळी उठल्यावर डोकं दुखतं असं ती सांगायला लागली. स्वतःहून नाही, विचारलं की.

२९ जानेवारी २०२४ ला मी तिला पुण्यात दुसऱ्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. फी १,२०० रुपये. त्यांनी आईशी पाऊण तास गप्पा मारल्या आणि मग मला म्हणाले, "यांना दुःख होत नाहीये. यांना काहीच होत नाहीये. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूरोलॉजिस्टना दाखवा, आणि वास कधीपासून गेला ते नक्की सांगा." वास आणि वागणं या दोन्हींची एकत्र चौकशी करणारे ते पहिले डॉक्टर.

न्यूरोलॉजिस्टची वेळ १२ फेब्रुवारीची मिळाली. त्या दोन आठवड्यांत दादाने कपाटातून आईच्या वह्या काढल्या, लक्षणं कधी सुरू झाली ते पाहायला. आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर ती पानं चाळत होतो. मार्च २०२२ पर्यंत रोज सात-आठ नोंदी. जूनपासून चार-पाच. ऑगस्टमध्ये बेरजा चुकायला लागल्या, चुकल्या म्हणण्यापेक्षा अर्ध्यावर सोडलेल्या. दिवाळीनंतर नुसत्या तारखा, समोर काही नाही. मग कोरी पानं. अक्षर मात्र शेवटपर्यंत सुरेख, शिक्षिकेचं. करपलेल्या तुपाच्या चार महिने आधीपासून वही सांगत होती. न्यूरोलॉजिस्टनी ती वही आमच्या सगळ्या रिपोर्टपेक्षा जास्त वेळ पाहिली. तुमच्या घरच्या माणसाची अशी काही सवय असेल, डायरी, भजनाची वही, दुकानाचं खातं, तर ती सोबत न्या. वागण्याचा एखादा छोटा व्हिडिओही न्या, कारण डॉक्टरांसमोर माणूस वीस मिनिटं अगदी नीट वागतो.

त्यांनी डोळे मिटायला सांगून एकेका नाकपुडीपाशी कॉफीची पूड धरली. दोन्हीकडे काही नाही. एका मिनिटात जमतील तेवढ्या भाज्यांची नावं सांगा म्हणाले. ज्या बाईने चाळीस वर्षं मंडई केली तिने मेथी, बटाटा, वांगं, मेथी म्हटलं आणि थांबली. मग मूठ, हाताची कड, पंजा असं ओळीने टेबलावर आपटून दाखवलं. आई तोंडाने बरोबर म्हणत होती, "मूठ, कड, पंजा," आणि हात मात्र नुसती मूठच आपटत होता. मला त्या क्षणी पहिल्यांदा समजलं की ती हट्ट करत नाहीये. माहीत असणं आणि ते करता येणं यांच्यामधला रस्ताच बंद पडला होता. शेवटी डोळ्यांच्या आत प्रकाश टाकून पाहिलं आणि म्हणाले, डोळ्याच्या नसेवर सूज दिसते आहे, एमआरआय याच आठवड्यात करा.

एमआरआय १५ फेब्रुवारीला, कॉन्ट्रास्टसह, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून शिरेतून औषध देऊन, ९,५०० रुपये. आदल्या दिवशी क्रिएटिनिनची रक्ततपासणी लागते, मूत्रपिंडं ठीक आहेत ना हे बघायला. ती झाली नसेल तर परत पाठवतात. अंगावर धातू चालत नाही. आईच्या नाकातली चमकी चाळीस वर्षांत निघाली नव्हती, ती सोनाराकडून कापून काढावी लागली आणि आमचा नंबर दोन तास पुढे गेला. हे आदल्या दिवशीच उरकून घ्या. आतला आवाज मोठा असतो, पाऊण तास हलायचं नसतं, घाबरणाऱ्या माणसाला आधी सांगून ठेवा. आणि फक्त रिपोर्ट आणि फिल्म घेऊन येऊ नका, सीडी मागून घ्या. सर्जन तीच बघतात.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. साडेपाच सेंटिमीटरची गाठ. मेनिंजिओमा.

२० फेब्रुवारीला न्यूरोसर्जन भेटले. त्यांनी कोऱ्या कागदावर डोकं बाजूने कापल्यासारखं चित्र काढलं. तो कागद मी जपून ठेवला आहे. मेंदूवर तीन आवरणं असतात. ही गाठ मेंदूतून उगवत नाही, मधल्या आवरणाच्या पेशींतून उगवते, बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, बायकांत जास्त दिसते आणि वर्षानुवर्षं इतकी हळू वाढते की मेंदू सरकून-सरकून तिला जागा देत राहतो. आईची गाठ बरोबर नाकाच्या छतावर होती. तिथलं हाड चाळणीसारखं असतं, त्या भोकांमधून वासाचे बारीक तंतू नाकातून वर जातात. डोक्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत, त्यातली ही पहिली. गाठीने आधी त्यांना चिरडलं म्हणून तुपाचा वास गेला. मग ती वर वाढली, आणि वर असतो कपाळामागचा मेंदू, फ्रंटल लोब.

मी विचारलं, "पण डॉक्टर, मेंदूला एवढं झालंय तर हात-पाय कसे चालतात? बोलते कशी? नातवंडांचे वाढदिवस पाठ आहेत तिला." ते म्हणाले, सगळ्या घरांत हाच प्रश्न असतो. हात-पाय हलवणारी पट्टी बरीच मागे आहे, जवळजवळ डोक्याच्या मध्यावर. दिसण्याचं काम तर पार मागच्या बाजूला चालतं. भाषेच्या जागा डावीकडे, बऱ्याच बाजूला. त्यांना धक्का नव्हता. दबला होता तो पुढचा भाग, आणि त्याचं काम म्हणजे सुरुवात करणं, थांबवणं आणि क्रम लावणं. त्यांनी पेनने तीन जागा दाखवल्या. मेंदूचे दोन अर्धगोल एकमेकांना चिकटतात त्या आतल्या पृष्ठभागावर उठून काही करावंसं वाटण्याची उमेद असते, लघवी आली आहे, आता उठायला हवं, याची जाणीवही तिथून जवळच. डोळ्यांच्या खोबणींवर टेकलेली खालची बाजू म्हणजे तोंडाशी आलेलं वाक्य गिळणं, समोरच्याला काय वाटेल हे ओळखणं. आणि बाहेरची बाजू म्हणजे कामांचा क्रम, हिशेब, एक टोक हातात धरून दुसरं गाठणं.

मी त्या कागदाकडे बघत होते आणि मला टीव्हीसमोरची खुर्ची, हळदीकुंकू आणि अर्धवट बेरजा दिसत होत्या. ज्याला आम्ही दीड वर्ष आईचा बिघडलेला स्वभाव म्हणत होतो तो कागदावर चार बोटांच्या जागेत मावला होता. ती आरतीला ओल्या साडीत बसली तेव्हा तिने लाज सोडली होती असं नाही, लाज जिथे तयार होते तिथेच दाब होता. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन खूप रडले. दादाने वहिनीला फोन लावला आणि तो पहिलं वाक्य बोलला ते "तुझी काही चूक नव्हती गं."

त्याच दिवसापासून सूज उतरवायला डेक्सामेथासोनच्या गोळ्या सुरू झाल्या. २३ तारखेला दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला जाताना आई गाडीत अचानक म्हणाली, "आपण कुठं चाललोय गं? माझी वही घेतलीस का?" सव्वा वर्षात तिने पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न विचारला होता. गाठ तेवढीच होती, भोवतालचं पाणी थोडं कमी झालं होतं, एवढ्यानेच. या गोळ्यांनी साखर मात्र वाढते. आईला आधीच थोडा मधुमेह, तिची २८० पर्यंत गेली, इन्सुलिन द्यावं लागलं. घरी ग्लुकोमीटर असू द्या. आणि या गोळ्या बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. दुसऱ्या सर्जननेही शस्त्रक्रियाच सांगितली. दुसरं मत घेतलं याचं पहिल्या डॉक्टरांना अजिबात वाईट वाटलं नाही.

आता विम्याचं. माझ्या नोकरीतल्या ग्रुप पॉलिसीत आईला ५ लाखांचं संरक्षण होतं, २० टक्के वाटा आमचा. २७ फेब्रुवारीला रुग्णालयाच्या विमा खिडकीतून पूर्वमंजुरीचे कागद गेले. २८ ला शंका आली, दोन होत्या. एक, आधार कार्डावर आईचं पूर्ण नाव आणि पॉलिसीत नुसती आद्याक्षरं. दोन, डॉक्टरांनी "लक्षणे दीड वर्षापासून" लिहिलं होतं, तर आजार आधीचा आहे का? पहिलीसाठी माझ्या कार्यालयातून पत्र आणलं. दुसरीसाठी पॉलिसीतलं आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरण्याचं कलम छापून त्यावर खूण करून दिलं. मंजुरी १ मार्चच्या संध्याकाळी साडेसातला आली, तोवर मी खिडकीसमोरच्या बाकावरून हलले नव्हते. घरात म्हातारी माणसं असतील तर पॉलिसीतलं आणि आधारवरचं नाव आजच ताडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

४ मार्चला भरती. भूल देण्याआधीच्या तपासण्या झाल्या, ईसीजी, टूडी इको, छातीचा एक्स-रे. दोन पिशव्या रक्त राखून ठेवलं, त्याच्या बदल्यात दादाने आणि माझ्या एका सहकाऱ्याने रक्तदान केलं. संमतिपत्र इंग्रजीत होतं. मी मराठी प्रत आहे का विचारलं तर होती, फक्त मागावी लागली. त्यात रक्तस्राव, झटके, जंतुसंसर्ग, मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळणं, नजरेला धोका, सगळं लिहिलेलं असतं. वाचताना हात थरथरतो, तरीही वाचा, कारण पुढे कशावर लक्ष ठेवायचं ते त्यातच कळतं. वास परत येणार नाही हे सर्जननी त्याच वेळी स्पष्ट सांगितलं. आईच्या लांब वेणीची मला फार काळजी होती. सगळं डोकं भादरावं लागत नाही. या कानापासून त्या कानापर्यंत केसांच्या आत दोन बोटं रुंदीची पट्टी काढली, वेणी राहिली.

५ मार्च, मंगळवार. सकाळी ८ ला आत नेलं, संध्याकाळी ४ वाजता सर्जन बाहेर आले. गाठ पूर्ण निघाली होती.

यानंतरचे दोन दिवस सगळ्यात कठीण गेले आणि त्यासाठी आम्हाला कुणीच तयार केलं नव्हतं. अतिदक्षता विभागात आई शुद्धीवर आली ती शिव्या देत. नळ्या ओढल्या, नर्सला चावायला गेली, तिचे हात बांधले होते. मला वाटलं, संपलं, आता ही अशीच राहणार. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं की मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वयस्कर माणसांत असा भ्रम होतो आणि बहुतेक वेळा उतरतो. घरचं ओळखीचं माणूस शेजारी बसलं, चष्मा लावला, दिवस-रात्र कळेल असा उजेड ठेवला तर लवकर उतरतो. आम्ही विनंती केली, वहिनीला बसू दिलं. तिने आईचा हात धरून रामरक्षा म्हटली, तीही आईनेच तिला शिकवलेली. ८ तारखेला वॉर्डात आणलं तेव्हा आई शांत होती आणि पांघरूण मागत होती.

घरी सोडलं १५ मार्चला. आदल्या दिवशी गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला, ग्रेड १, म्हणजे साधी. एकूण बिल ५ लाख ६२ हजार. हातमोजे, ड्रेप वगैरे वस्तूंचे ६९,५०० विमा धरत नाही. उरलेल्याच्या ८० टक्के म्हणजे ३ लाख ९४ हजार मिळाले, आम्ही १ लाख ६८ हजार भरले. निघताना डिस्चार्ज कार्डावर कवटीला टायटॅनियमच्या पट्ट्या बसवल्याची नोंद आहे ना ते बघा, पुढच्या प्रत्येक एमआरआयच्या वेळी विचारतात. दीड महिना नाक शिंकरायचं नाही, वाकून वजन उचलायचं नाही. नाकातून पातळ पाण्यासारखं गळायला लागलं किंवा घशात खारट लागलं तर सर्दी समजून थांबायचं नाही, लगेच फोन करायचा.

सुधारणा ओळीने झाली नाही. लघवीचं भान दोन-तीन आठवड्यांत परत आलं. ९ एप्रिलला गुढीपाडव्याला ती आपणहून आंघोळ करून गुढीपाशी येऊन उभी राहिली. झटके येऊ नयेत म्हणून दिलेल्या लेव्हेटिरासिटॅमने ती चिडचिड करायची. ते डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी औषध बदललं, नाहीतर आम्ही पुन्हा स्वभावच म्हणून बसलो असतो. उमेद यायला चार महिने लागले. जून २०२४ चा एमआरआय स्वच्छ, मार्च २०२५ चाही. बोलणं मात्र पूर्वीइतकं मऊ झालेलं नाही. अधूनमधून एखादं वाक्य धारदार येतं. फरक असा की आता तिला ते बोलून झाल्यावर कळतं आणि ती थांबते.

रात्री जागताना मी फिनिअस गेजबद्दल वाचलं होतं. १३ सप्टेंबर १८४८ ला अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेच्या कामावर सुरुंगाच्या स्फोटाने लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्याच्या वरच्या बाजूने बाहेर पडली. तो जगला, पण वागणं इतकं पालटलं की ओळखीचे लोक म्हणत, हा आता गेज राहिला नाही. बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात. मला धीर आला तो पुढच्या भागाने. तो नंतर चिलीला गेला आणि तिथे त्याने बरीच वर्षं घोडागाडी हाकली. रस्ता, घोडे, उतारू, वेळापत्रक, हे सगळं सांभाळणं म्हणजे तेच, सुरुवात करणं, थांबवणं, क्रम लावणं. रोज ठरलेल्या वेळी ठरलेलं काम असेल तर मेंदूला आधार मिळतो, हे आमच्या फिजिओथेरपिस्टनीही सांगितलं होतं. म्हणून वहिनीने भिंतीवर वेळापत्रक लावलं. सकाळी ७ ला दूध तापवणं, ११ ला भाजी निवडणं, ५ ला तुळशीला पाणी, रात्री वही.

वास गेला तो गेलाच. स्वयंपाकघरात २,१०० रुपयांचं गॅसगळती ओळखणारं यंत्र बसवलं आहे. फ्रिजमधल्या डब्यांवर तारखांच्या चिठ्ठ्या असतात, कारण नासलेलं तिला ओळखू येत नाही. हे दोन्ही आम्ही फार उशिरा केलं. वास न येणारं माणूस घरात असेल तर कारण सापडण्याची वाट न बघता करून टाका.

ज्या बाई हळदीकुंकवातून उठून गेल्या होत्या त्यांच्याकडे आई गेल्या संक्रांतीला स्वतः गेली. काय बोलली ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. त्या रात्रीच्या पानावर नोंद आहे: तिळगूळ १ पाव, ९० रु., रिक्षा नाही, चालत.

गेल्या दिवाळीला तिने पुन्हा लोणी कढवायला ठेवलं. तडतड थांबली तशी तिने मान वर केली आणि वहिनीला हाक मारली, "ये गं, बघ वास फिरला का." वहिनी येऊन पातेल्यावर वाकली, म्हणाली, "अजून थोडं, आई." दोघी शेगडीपाशी उभ्या राहिल्या.